नसलेली मुंबई कशी पाहावी

मुंबई पाहण्याची रूढ पद्धत मुळातच चुकीची आहे. ‘मुंबई दर्शन’च्या बसमधून उतरलेला पाहुणा गेटवे पाहतो, म्हातारीच्या बुटापाशी फोटो काढतो आणि मुंबई ‘झाली’ असे जाहीर करून गावी परततो. त्याने पाहिले ते फक्त जे आहे ते. खुद्द मुंबईकर ज्या खुणांच्या भरवशावर रोज ये-जा करतो, त्यांतल्या बऱ्याचशा मात्र जागेवर नाहीतच. चर्चगेटला गेट नाही, धोबीतलावाला तलाव नाही, फोर्टात कोट नाही आणि दादर टीटीला ट्राम नाही. तेव्हा हे शहर नीट पाहायचे असेल, तर आधी नसलेले पाहायची सवय लावून घ्यावी. लागणारे साहित्य: झिजल्या तरी चालतील अशा चपला, पाण्याची बाटली, आणि पाटीवर लिहिलेल्या कोणत्याही नावावर चटकन विश्वास न ठेवणारा स्वभाव. सोबत एकच सिद्धांत बाळगावा, तो असा की स्मारक कोणाचे हे उभारणारा ठरवत नसतो, पत्ता विचारणारा ठरवतो.

सिद्धांताचा पहिला पुरावा काळा घोडा. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. देणाऱ्याच्या मते तो युवराजाचा पुतळा होता, घोडा केवळ बसण्याची सोय म्हणून. मुंबईकरांनी मान वर करून पाहिले आणि त्यांना घोडा दिसला. ब्राँझ काळवंडलेले, म्हणून काळा घोडा. वर बसलेल्या गृहस्थांची चौकशी कोणी केली नाही. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला गेला आणि जागा गाड्या लावण्याच्या कामी आली. पुढे अर्धशतक तिथे घोडा नव्हता, तरी बस काळ्या घोड्याला थांबत होती, माणसे काळ्या घोड्याला भेटत होती आणि १९९९ पासून तर या गैरहजर घोड्याच्या नावाने कलामहोत्सवही भरू लागला. शेवटी २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा घोडा बसवण्यात आला. तो पाहायला जाल तेव्हा त्याच्या पाठीकडे नीट पाहा. पाठ रिकामी आहे. ना खोगिरावर बसलेला युवराज, ना लगाम धरलेला हात. युवराजाला वगळण्याचा निर्णय लोकांनी बोलता बोलता कधीच घेऊन टाकला होता, शिल्पाने त्यावर फक्त सही केली.

आता विचाराल, मग जुना घोडा गेला कुठे? तो गेला राणीबागेत, म्हणजे थेट प्राणिसंग्रहालयात. ही व्यवस्था कोणी विनोद म्हणून केली नसावी, पण तिथे त्याला सोबतही मिळाली आहे. घारापुरी बेटावर एक प्रचंड दगडी हत्ती होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले, १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले, आणि आज तो हत्ती राणीबागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. जोडकामाचे सांधे जवळून दिसतात, तेवढे अवश्य पाहावेत. तात्पर्य, एलिफंटाला हत्ती नाही आणि इतकी वर्षे काळ्या घोड्याला घोडा नव्हता, दोघेही भायखळ्याला एकाच आवारात. खुद्द बागेचेही तेच. ती व्हिक्टोरिया राणीची बाग म्हणून ‘राणीबाग’. पुढे तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव दिले गेले, तरी लोक राणीबागच म्हणतात, आणि त्यात आता काही चुकतेय असेही कोणाला वाटत नाही.

याच आवारात शांत कोपरा शोधण्याचा नियमही सापडतो. संग्रहालयाच्या बाजूच्या हिरवळीवर जुन्या राजवटीचे पुतळे आणून ठेवले आहेत. त्यांत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा १८७२ मध्ये भर रस्त्यावर मोठ्या थाटात बसला होता, आता तो झाडांच्या सावलीत आहे. पिंजऱ्यांकडे निघालेली पोरेटोरे इकडे वळत नाहीत. म्हणजे नियम असा: जिथे नाव उरले आणि वस्तू गेली तिथे गर्दी, जिथे वस्तू उरली आणि नाव गेले तिथे शांतता. गेट गेलेल्या चर्चगेटला संध्याकाळी सहा वाजता उभे राहून या नियमाचा पूर्वार्ध पडताळून पाहता येईल. उत्तरार्धासाठी राणीजवळचा बाक.

चर्चगेटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकू. इंग्रजांच्या कोटाला तीन दरवाजे होते. सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात कोट पाडला, दरवाजा गेला आणि १८६४ मध्ये त्या जागी फ्लोरा या रोमन देवतेचे कारंजे आले. दरवाजाचे नाव मात्र तिथून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर असलेल्या स्टेशनने उचलले. देवतेच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पोर्टलंडच्या दगडात कोरलेली बाई सर्वांच्या डोक्यावर उभी, आणि लोकांनी लक्षात ठेवले ते पायथ्याचे पाणी: ‘फाउंटन’. तिकडे बोरीबंदरला वेगळीच तऱ्हा. १८८८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या तिथल्या स्टेशनच्या इमारतीच्या घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली ‘प्रगती’ आहे. तिच्याखाली घड्याळ आणि घड्याळाखाली एक कोनाडा. त्यात राणी होती, आता कोनाडा रिकामा आहे. १९९६ मध्ये स्टेशनचे नाव बदलले, पण टॅक्सीत बसलेला माणूस अजून ‘व्हीटी’ म्हणतो, आणि त्यातला व्ही म्हणजे कोण हे त्यालाही आठवत नाही. शिल्प पाहायला गेल्यावर आधी रिकामे कोनाडे मोजावेत ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही सगळी दक्षिण मुंबईची कौतुके आहेत. आक्षेप मान्य, म्हणून लोकलने पुढे जाऊ. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. दादरच्या ट्राम टर्मिनसचा ‘टीटी’ मात्र अजून शाबूत आहे. त्या चौकाचे खोदादाद सर्कल हे नाव सांगून रस्ता विचारला, तर समोरचा आधी तुमच्याकडेच निरखून पाहील. आणि त्याहून मोठी गैरहजेरी पाहायची तर परळ-लालबागला उतरावे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, भोंगे गेले, भोंग्यावर घड्याळ लावणारी घरे पांगली. नाव उरले, गिरणगाव. काचेच्या टॉवरांमध्ये अधूनमधून एखादी विटांची चिमणी दिसते. फिनिक्स मिलची चिमणी तर मॉलच्याच आवारात आहे. तिला चौथरा नाही, तिचे अनावरण झाले नाही, तरी या शहरातले सर्वांत खरे सार्वजनिक शिल्प तेच आहे. ते कोणाचे स्मारक आहे हे सांगणारी पाटी नसली, तरी मुंबईकराला पाटीची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल, तुम्ही ज्याला लोकांचा कौल म्हणता तो निव्वळ जिभेचा आळस आहे. व्हीटी म्हणायला सोपे, टीटी म्हणायला त्याहून सोपे. बऱ्याच अंशी हे खरे आहे, आणि मार्गदर्शिकेच्या लेखकाने ते लपवू नये. पण आळसही निवड करतो. त्याने राजा टाकला आणि घोडा ठेवला, देवता टाकली आणि पाणी ठेवले. सत्तेने जे मोठे करून दाखवले ते त्याने गाळले, आणि डोळ्यासमोर उपयोगी पडणारे तेवढे उचलले. अशा आळसाशी भांडण नाही.

भांडण आहे ते एकाच ठिकाणी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच फाउंटनला संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. म्हणून तो हुतात्मा चौक, आणि म्हणून फ्लोराच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. इथे सिद्धांत अडतो. घोडा पळवला तर परत बसवता येतो, हत्ती जोडता येतो, पण जी माणसे गेली ती कोणत्याही बागेत ठेवलेली नाहीत. त्यांचे नावाखेरीज काहीही जागेवर नाही, आणि तेच नाव आळसाने गाळले तर नसलेल्या मुंबईतले सर्वांत मोलाचे स्थळ खरोखरच नाहीसे होईल. म्हणून शेवटची सूचना: टॅक्सीवाल्याला खुशाल फाउंटन सांगा, तो नेमका तिथेच नेईल. पण उतरल्यावर सोबतच्या पाहुण्याला कारंज्याआधी मशालीकडे न्या, आणि हा हुतात्मा चौक आहे हे स्पष्ट, पूर्ण शब्दांत सांगा.