नाहूरला फास्ट लोकल हवीच : शास्त्रशुद्ध सर्वेक्षणाची सोपी पद्धत

नाहूरला फास्ट लोकल थांबली पाहिजे, हे सोसायटीच्या कमिटीने एकमताने ठरवले आहे. आता फक्त लोकांचे मत विचारायचे राहिले. हे काम ज्यांच्या गळ्यात पडेल त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन.

पायरी १ : समष्टी ठरवा.
ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा ते सगळे म्हणजे समष्टी. इथे ती म्हणजे समस्त नाहूरकर. अडचण एवढीच की नाहूरकर सहजी सापडत नाही. भांडुप आणि मुलुंडच्या मधे २००६ मध्ये स्टेशन झाले खरे, पण फ्लॅट विकताना माणूस मुलुंडचा असतो, बाजारहाटाला भांडुपचा आणि डोळ्यांदेखत फास्ट धडधडत गेली की तेवढ्यापुरता नाहूरचा. ही लवचीकता जपा. मागणी करताना समष्टी पार ऐरोलीच्या पुलापर्यंत ताणावी. वर्गणी काढताना आपल्या गेटाशी आवरावी.

पायरी २ : नमुना निवडा.
सगळ्यांना विचारणे जमत नाही, म्हणून समष्टीतल्या थोड्यांना विचारायचे, तो नमुना. सकाळी ८.४० ला स्टेशनच्या जिन्याशी उभे राहा. लोकल पकडायला धावणारा माणूस 'फास्ट नको' म्हणायला थांबत नाही. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, घरून काम करणारे, गुडघ्यांमुळे जिना सोडलेले आजी-आजोबा आपोआप गळतात. 'नमुना लहान आहे' अशी कुणी कुरकुर केलीच, तर त्याच जिन्यावर आणखी आठवडाभर उभे राहून तो मोठा करा.

आकड्याचा दरारा असतो. १९३६ मध्ये अमेरिकेच्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. पत्ते घेतले मुख्यतः टेलिफोनवाल्यांच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि अध्यक्षपदाची निवडणूक लँडन जिंकणार असे जाहीर झाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये घेऊन गेले. १९३८ मध्ये साप्ताहिक बंद पडले. कमिट्या बंद पडत नाहीत, निश्चिंत असावे.

पायरी ३ : चल ओळखा आणि विसरा.
माणसागणिक जे बदलते ते चल. ए विंग, बी विंग ही नुसती नावे. हा नामिक चल. 'समाधानी, बरे, वैतागलेले' यांत क्रम आहे, पण दोन पायऱ्यांतले अंतर मोजता येत नाही; हा क्रमिक. दारात लटकलेली माणसे मोजायची असतात, साडेतीन माणसे लटकत नाहीत, हा खंडित. गाडीची वाट पाहण्याचा वेळ सेकंदाच्याही तुकड्यांत मोजता येतो, हा अखंडित. एवढे पाठ झाले की सगळ्यांची सरसकट सरासरी काढा. मुलुंड पश्चिमेचा पिनकोड ४०००८०, भांडुप पश्चिमेचा ४०००७८. दोहोंची सरासरी ४०००७९, म्हणजे मधले नाहूर यायला हवे. येते विक्रोळी. तरी अहवालात छापावे. दशांशचिन्हानंतर दोन शून्ये दिली की कोणी विचारत नाही.

पायरी ४ : कडेवरची माणसे आत घ्या.
सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहणीतली एक खोड १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. उत्पन्नाच्या अंदाजासाठी शेतातला चौकोन फार लहान आखला, तर अंदाज फुगतो. चौकोन जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि कडेवरचे रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. आपल्यालाही हेच करायचे आहे. भांडुपच्या अंगाचा रहिवासी 'हो' म्हणाला तर तो नाहूरचा. 'नाही' म्हणाला तर भांडुपचा.

काटेकोरपणे टाळावयाची गोष्ट : चिठ्ठ्या.
सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून, ढवळून, डोळे मिटून काढायच्या. जे घर निघेल तिथेच जायचे, कुलूप असेल तर शेजारची बेल न दाबता संध्याकाळी पुन्हा यायचे, असे पुस्तकात दिलेले असते. यात उत्तर आधी कळत नाही, हा मोठाच धोका. एखादी मावशी दार किलकिले करून म्हणायची, ''फास्टचं राहू दे रे, आहे त्या स्लोमध्ये आधी पाय ठेवायला मिळू दे.'' असे मत 'इतर' या रकान्यात टाकावे. अहवालात 'इतर' हा रकाना ठेवू नये.