अंबाडी नाक्यावर शांतता कशी रेकॉर्ड करावी

लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याने आवाजाचा विचार सर्वांत शेवटी करावा. चित्रीकरण उरकलेलं, संकलन रखडलेलं आणि महोत्सवाची मुदत परवा रात्री बाराची, असा मुहूर्त उत्तम. तोवर ‘पोस्टमध्ये बघू’ एवढा मंत्र पुरतो.

नायिका मुकाट रडते, असा प्रसंग असेल तर तो अंबाडी नाक्यावरच घ्यावा. भिवंडी-वाडा रस्ता इथून जातो, वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे इथूनच वळतात. त्यामुळे खड्ड्यात आदळणारे ट्रेलर आणि देवीला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न तिला यथास्थित साथ देतात. 1931 सालच्या ‘आलम आरा’च्या वेळी स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून अर्देशिर इराणींची मंडळी बिचारी रात्री एक ते चार शूटिंग करायची. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं. आपण भर दुपारी करावं.

माइक कॅमेऱ्यावरचाच बरा. नायिका वीस फुटांवर आणि कॅमेरामनचा श्वास वीतभर अंतरावर, असा दुर्मीळ समतोल त्यातच साधतो. काठीवरचा बूम माइक हवाच असेल तर तो भूमिका न मिळालेल्या मित्राच्या हातात द्यावा, पण हेडफोन देऊ नये. ऐकू आलं तर तो ‘पुन्हा घेऊया’ म्हणेल.

प्रसंग संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहून त्या जागेचा नुसता आवाज टिपावा, असा जाणकारांचा हट्ट असतो. याला रूमटोन म्हणतात. संवादांमधली भोकं त्याने बुजवतात. पण वडापाव आलेला असताना युनिट अर्धा मिनिट गप्प? भोकं राहू द्यावीत. नायिका बोलू लागली की ट्रक प्रकटतो, थांबली की अंतर्धान पावतो. याला जादुई वास्तववाद म्हणावं.

मग नॉइज रिडक्शन शंभर टक्क्यांवर न्यावं. ट्रक राहतो, नायिका मात्र विहिरीत पडल्यासारखी बोलू लागते.

आता डबिंग अटळ. गोधड्या टांगाव्यात, पंखा बंद करावा, घामाघूम व्हावं. तरीही ओठांमागे आवाज चार फ्रेम रेंगाळला तर घाबरू नये. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये आवाज जेमतेम चौदा मीटर जातो. म्हणजे नायिका साधारण पंचावन्न मीटरवर उभी आहे, इतकंच. शॉट क्लोजअप आहे, हे कोणी काढू नये.

पावलांचे, भांड्यांचे आवाज पडद्याकडे बघत नव्याने करायच्या कलेला फोली म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलींनी 1929 च्या सुमारास ती रुजवली. अंबाडीत तिचं सामान फुकट पडलंय: भाताचा पेंढा, वीटभट्टीवरचे तुकडे, वाळकी सागाची पानं. सागाच्या पानावर पाय पडला की काय वाजतं, महाराजा! शिवाय भिवंडीत यंत्रमाग. म्हणूनच यांतलं काही घेऊ नये. फुकटच्या साउंड लायब्ररीतून उत्तर अमेरिकेतला लून पक्षी उतरवून तानसा नदीकाठच्या रात्रीत ओरडवावा. टिटवी कोण ओळखतं?

तरीही काही खटकलंच तर वर पियानो घालावा. लेव्हल लाल रेषेत गेली की संगीत हृदयाला भिडलं असं समजावं.

परीक्षक आवाजाबद्दल विचारतीलच. तेव्हा ‘सिंक साउंड, म्हणजे जागेवरच टिपलेला’ म्हणावं, पुण्याच्या एफटीआयआयमधून शिकलेल्या रसूल पूकुट्टींना 2009 मध्ये ऑस्कर मिळाल्याचं सांगावं आणि पुढचा प्रश्न येण्याआधी चहाला उठावं.