विहीर चोरीला गेली, हरकत नाही

मकरंद अनासपुरे यांच्या ‘जाऊ तिथे खाऊ’ या विनोदपटात चक्क विहीर चोरीला गेल्याची तक्रार होते; २०१० साली श्याम बेनेगलांच्या ‘वेल डन अब्बा’त बोमन इराणींनी साकारलेला ड्रायव्हरही तीच तक्रार घेऊन उभा राहतो. प्रेक्षक दोन्हीकडे पोट धरून हसतात, आणि इथेच फक्त कागदावर खणलेल्या विहिरीवर अन्याय होतो. शिरूर कासारसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात खरी विहीर उन्हाळा लागताच तळ दाखवते. कठडा नसला तर तिच्यात करडू पडतं. मोजमाप पुस्तिकेतली विहीर मात्र बारा महिने तेवढीच खोल. तिला मोटार नको, वीज नको, गाळ काढायला माणूस नको. जलसंधारणाचा याहून टिकाऊ नमुना कुठल्या कृषी विद्यापीठाने दिला आहे?

कुणी म्हणेल, पाण्याचं काय? पाणी टँकरने येतंच. शिवाय कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतात, मागे उरलेल्यांची तहान ती केवढी! दुसरा आक्षेप, अशा चित्रपटांनी यंत्रणेची बदनामी होते. उलट यंत्रणेनेच त्यांच्याकडून शिकावं. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी येते: सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. रोजगार हमीच्या कामावरही फलक लागतोच. मंजूर रकमेखाली एवढी एक ओळ रंगवली की चौकशीचं कारणच उरत नाही. अडचण एकच: फलक रोवायला दोन फुटांचा खड्डा लागेल, आणि तो मात्र खरोखर खणावा लागेल. अंदाजपत्रकात त्याची वेगळी तरतूद असावी.