वाघाच्या जिवावर

वन्यजीव छायाचित्रकार वाघाच्या जिवावर जगतो, अशी आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे. प्रत्यक्षात तो लग्नांवर जगतो. आणि पंचांगकर्त्यांचा कावा असा, की वाघाचा आणि लग्नांचा हंगाम एकच! मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, ताडोब्यातलं पाणी आटतं, उरलेल्या पाणवठ्यावर वाघ येतोच येतो. आणि नेमके तेव्हाच मुहूर्तही निघतात. वाघ की वरमाला, हा पेच मला दर उन्हाळ्यात पडतो आणि लेन्सचा हप्ता तो सोडवतो.

ही लेन्स 600 मिलिमीटरची. वजन तीनेक किलो, नवी घ्यायची तर दहा लाखांच्या वर. "एवढी महागाची आहे, तर आमच्या लग्नात का नाही आणलीत?" असं एका वधूपित्याने मला भर मांडवात विचारलं. काका, हिच्यातून टिपायचं तर मला रस्त्यापलीकडे उभं राहावं लागेल आणि फोटोत नवरीची फक्त नथ येईल.

जंगलात मात्र हिचाच थाट. जिप्सीत ट्रायपॉड मांडायला जागा नसते, म्हणून बीनबॅग. ती रिकामी न्यायची आणि मोहर्लीला पोचल्यावर तांदूळ विकत घेऊन भरायची. सफारी संपली की तांदूळ घरी येतात. जंगलातून नवरा काय कमावून आणतो, याचा बायकोकडे असलेला एकमेव पुरावा म्हणजे तो भात.

मग वाट बघायची. चितळ ओरडलं तर गाईड नुसता कान टवकारतो. ते कशालाही घाबरतं. सांबर ओरडलं की ड्रायव्हर स्टार्टर मारतो, कारण सांबर उगाच तोंड उघडत नाही. (हा गुण जिप्सीतल्या मंडळींनी घ्यावा.) धुरळा बसतो आणि वाघ खरंच येतो. येतो, पाण्याकडे पाठ फिरवतो आणि तोंडावर पाणी उडू नये म्हणून मागच्या मागे सरकत आत बसतो. बसला की झोपतो. पुढचा तासभर झाडून सगळे कॅमेरे त्या डुलकीवर तुटून पडतात. कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे, हे सरकारचे आमच्या धंद्यावर उपकारच. नाहीतर तीच डुलकी माझ्याआधी तुमच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडली असती.

हल्ली फोटो विकले जात नाहीत, फोटो काढायला शिकवणं विकलं जातं. म्हणून मी हौशी मंडळींना घेऊन जंगलात जातो आणि माझ्या पोटावर पाय देणारे नवे छायाचित्रकार स्वतःच्या हाताने, फी घेऊन, तयार करतो.

उरले फुकटे. कुणाला सोसायटीच्या कॅलेंडरसाठी वाघ हवा असतो, कुणाला पतपेढीच्या अहवालासाठी. "खाली तुमचं नाव टाकू की!" असं वर औदार्यही असतं. नावावर बँक हप्ता जमा करून घेत नाही. मी विचारून पाहिलंय.

तेव्हा वाचकहो, वाघ हवा असेल तर खुशाल मागा. फोटोखाली माझं नाव नाही टाकलंत तरी चालेल, फक्त चेकवर टाका.