नागपुरात बर्फाचे टायर विकणाऱ्या दुकानदारास

दुकानदार भाऊ,

तुमचे नाव, दुकानाची पाटी, गल्ली, यांतले काहीही मी इथे लिहीत नाही. ते ग्राहक आयोगाच्या तक्रारीत जाईल. हे पत्र उघड लिहितो आहे, कारण तुमच्या दुकानात अजून तसलेच टायर रचून ठेवलेले मी पाहिले आणि उद्या दुसऱ्या कुणाची तरी लेकबाळ त्यांवर गाडी चालवणार आहे.

माझ्या भाचीच्या विजेच्या मोटारीला तुम्ही मार्चअखेर चार टायर बसवून दिलेत. त्या टायरांच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण अशी खूण आहे. तिचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही असे म्हणू नका, तुमची उमर टायरच्या धंद्यात गेली आहे. बर्फावर पकड धरण्याची ठरावीक चाचणी पार केलेल्या टायरवरच ती खूण असते. हे टायर नॉर्वेत, फिनलंडमध्ये, कॅनडात चालतात, आणि तिथेही लोक हिवाळा सरला की ते काढून ठेवतात. तुम्ही ते नागपुरात विकलेत, उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि वर म्हणालात, "इम्पोर्टेड माल आहे मॅडम. रबर एकदम नरम. इलेक्ट्रिक गाडीसाठी याच्यासारखं काही नाही."

रबर नरम आहे, हे तुमचे एकच वाक्य खरे होते. तीच तर सगळी अडचण आहे. साध्या टायरचे रबर साधारण 7 अंशांखाली कडक होऊ लागते आणि रस्ता सोडते. म्हणून थंड देशांतले कारखाने हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि इतर द्रव्ये अशी मिसळतात की ते गोठणबिंदूच्या खालीही लवचीक राहावे. त्याच्या नक्षीत ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावून धरतात. हाच टायर तापल्या रस्त्यावर आणला की नक्षीचे ठोकळे उभे राहत नाहीत. गाडी वळली की ते आडवे होतात, ब्रेक लावला की दुमडतात. ब्रेकचे अंतर वाढते, झीज भराभर होते. कोरड्या रस्त्यावर हे होतेच, उष्ण हवेतल्या ओल्या रस्त्यावरही होते. म्हणजे उन्हाळा कसाबसा निभावला असता, तरी जूनच्या पहिल्या पावसात या टायरांनी दगा दिलाच असता.

आता नागपूरचे हवामान तुम्हाला मी सांगायचे का? या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिले आहेत. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर उतरला होता, हेही खरे, आणि त्या दिवशीची पहाट कुणी विसरलेले नाही. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पंचवीस-अठ्ठावीस अंश असतात. ज्या थंडीसाठी हा टायर बनतो ती आपल्याकडे काही पहाटेपुरती येते आणि सूर्य वर आला की जाते. बर्फ तर नाहीच. आपला खरा मोसम म्हणजे एप्रिल, मे, नवतपा, आणि त्यानंतर कोसळणारा पाऊस. या शहराचा टायर या दोन गोष्टींसाठी निवडायचा असतो. तापलेल्या सिमेंट रस्त्यावर तो टिकला पाहिजे आणि पाण्यातून गाडी जाताना त्याच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले पाहिजे.

बरे, गाडी पेट्रोलची असती तर नुकसान निदान उशिरा कळले असते. विजेच्या मोटारीच्या पोटात बॅटरी असते, त्यामुळे ती तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीहून जड भरते. पॅडलवर पाय पडताक्षणी मोटर सगळा जोर चाकावर टाकते. पाय उचलला की तीच मोटर गाडीला मागे ओढून वीज परत बॅटरीत भरते, म्हणजे वेग कमी होतानाही टायरवर ताण असतोच. ज्या चाकांना मोटर जोडलेली असते त्यांचे टायर म्हणूनच लवकर घासतात. अशा गाडीला बांधा मजबूत असलेला आणि कमी ताकदीत घरंगळणारा टायर लागतो. तुम्ही दिलेला टायर तर स्वतःच्याच अंगात वळवळत, प्रत्येक फेरीला थोडी वीज उष्णता करून उधळत होता.

एप्रिलमध्ये भाचीला वाटू लागले की एका चार्जमध्ये गाडी पूर्वीइतकी जात नाही. तिने तुम्हाला विचारले. तुम्ही काय सांगितलेत? "मॅडम, बॅटरी उतरली असेल. इलेक्ट्रिकचं असंच असते." भाऊ, गाडीतली सगळ्यात महाग वस्तू बॅटरी. तिचे नाव काढले की मालकाची झोप उडते. पोरीने पैसे भरून बॅटरी तपासून घेतली. बॅटरी ठणठणीत निघाली. रेंज तुमच्या टायरांनी खाल्ली होती, आणि तुम्ही विजेच्या गाडीचीच बदनामी केलीत. आधीच लोक या गाड्या घ्यायला दहा वेळा विचार करतात. त्यांच्या मनात खोटी भीती घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

टायरच्या कडेवरचा दुसरा आकडा तर आणखी वाईट आहे. कंपनीने त्या गाडीला 95 भारांकाचा टायर दिला होता, म्हणजे एका टायरने 690 किलो वजन पेलायचे. तुम्ही बसवलात 91 भारांकाचा, म्हणजे 615 किलोचा. एका चाकामागे 75 किलो कमी, चारी चाकांचे मिळून 300 किलो. आकार सारखा होता, रिमवर बसला, तुम्ही हात झटकलेत. पेट्रोल गाडीहून जड असलेल्या गाडीला मूळच्यापेक्षा कमकुवत टायर. त्यात चार माणसे आणि दिवाणखान्याएवढे सामान भरून सासरी जाणारी पोर.

आणि वय? कडेवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर 3517 आहे, म्हणजे 2017 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आठ वर्षांहून जुना. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते, ऊन आणि हवा त्याला आतून चिरत नेते. नक्षी खोल दिसत होती म्हणून तुम्ही त्याला "नवाच समजा" म्हणालात. अशा टायरला नवा समजून विकणे म्हणजे मुदत संपलेले औषध चकचकीत डबीत घालून देणे आहे.

मे महिन्यात भाची शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढली. छत्रपती संभाजीनगरला जायचे होते. या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही जोडला गेला आणि 701 किलोमीटर पूर्ण झाले. 2025 च्या राज्याच्या धोरणाने विजेच्या मोटारींना इथे टोलमाफी जाहीर केली, त्यामुळे नागपूरच्या आणखी कितीतरी गाड्या या वाटेला लागणार आहेत. मोटारींना 120 ची मर्यादा आहे. गावात टायरला सिग्नलवर, गर्दीत, थोडा विसावा मिळतो. समृद्धीवर तो तासन्‌तास एका वेगाने फिरतो, प्रत्येक फेरीला दबतो आणि सुटतो, आणि त्या दबण्यासुटण्यात तयार झालेली उष्णता बाहेर जायला खालचा रस्ताही थंड नसतो. कारंजा लाड मागे पडल्यावर स्टीअरिंग थरथरू लागले. पोरगी शहाणी, तिने वेग उतरवला, गाडी कडेला घेतली. पुढच्या डाव्या टायरच्या खांद्यावरचे ठोकळे मुळासकट उपटून गेले होते आणि कडेला फुगा आला होता. मागे तिची सात वर्षांची मुलगी झोपली होती.

तुम्हाला फोन केल्यावर तुम्ही म्हणालात, "समृद्धीवर टायर फुटतातच, तो रस्त्याचा दोष आहे." हे वाक्य तुमच्यासारख्या सगळ्यांच्या सोयीचे झाले आहे. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवरच सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली, 25 माणसे गेली. तेव्हाही आधी टायर फुटल्याचेच सांगितले गेले, आणि परिवहन विभागाच्या तपासात ते टिकले नाही. रस्ता निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच वर्षी परिवहन विभागाने समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासून ते गोटा झालेल्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे. त्या तपासणीत नक्षी पाहतात. मोटारीला कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. तुमच्या टायरची नक्षी भरपूर होती, म्हणून तिथेही तो सुटला असता. अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटेल असा धोका तुम्ही विकलात.

हवेबद्दलचा तुमचा सल्ला तर मी रोज दहा जणांच्या तोंडून ऐकतो. "उन्हाळ्यात हवा जराशी कमीच ठेवजा, नाहीतर फुटते." बरोबर याच्या उलट आहे. हवा कमी असली की टायरची कड जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि तापूनच तो फुटतो. किती हवा भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेले असते, आणि ती सकाळी, गाडी चाललेली नसताना, टायर थंड असताना मोजायची असते. चालून टायर तापला की आकडा चढलेला दिसतो. तेवढा चढणार हे धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो. तापलेल्या टायरची हवा सोडणारा माणूस गाडीवाल्याचा शत्रू आहे, मग तो कितीही आपुलकीने सांगत असो.

थंड देशांकडेच बघायचे, तर त्यांच्याकडून टायरऐवजी शिस्त आणायची होती. नॉर्वेत आज नव्याने विकल्या जाणाऱ्या दहापैकी नऊहून जास्त मोटारी विजेच्या आहेत. तिथे हिवाळ्यात किमान 3 मिलिमीटर नक्षी लागते, उन्हाळ्यात 1.6 चालते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून निव्वळ 'एम प्लस एस' छापलेला टायर हिवाळी मानत नाहीत, डोंगर-हिमकणाची खूणच लागते. त्या देशांत नोकरीला गेलेली आपली मराठी पोरे वर्षातून दोनदा टायर बदलतात, कारण टायर ऋतूचा असतो हे तिथे शाळकरी मुलालाही कळते. आपला ऋतू उन्हाचा आहे. आपल्या टायरला त्याच गांभीर्याने निवडायला काय हरकत होती?

हा माल तुमच्याकडे आला कुठून, हेही तुम्हालाच सांगावे लागेल. मोटारीच्या टायरला भारतीय मानक ब्युरोची खूण लागते, ती या टायरांवर नाही. नव्या टायरांची आयात जून 2020 पासून परवान्याशिवाय होत नाही. पक्के बिल तुम्ही दिले नाही, चिठ्ठीवर आकडा लिहून दिलात. टायरवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तरीही बिल द्यायला तुमचा हात धजत नाही. पैसे मात्र यूपीआयने घेतलेत, आणि त्याची नोंद भाचीच्या फोनमध्ये आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 विकणाऱ्यालाही सदोष मालासाठी जबाबदार धरतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही. "जाऊ द्या, कोण कोर्टात खेटे घालणार" या आमच्या सवयीवर तुम्ही धंदा उभा केला आहे. या वेळी जाऊ देणार नाही.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. भाचीचे पैसे आणि बॅटरी तपासणीचा खर्च परत करा. ज्यांना ज्यांना हे टायर विकलेत त्यांना स्वतः फोन करून बोलावून घ्या आणि ते उतरवा. दुकानात उरलेला साठा कटरने कापून भंगारात घाला, म्हणजे तो वाडीच्या किंवा कामठी रोडच्या दुसऱ्या कुठल्या दुकानात जाऊन पुन्हा उभा राहणार नाही.

आणि वाचकहो, टायर घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी खाली बसा आणि मोबाइलच्या उजेडात टायरची कड वाचा. भारांक गाडीच्या पुस्तिकेत आहे त्याहून कमी नको. बनल्याचे चार आकडे पाहा. मानक ब्युरोची खूण शोधा. पक्के बिल मागा आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. कडेवर डोंगरातला हिमकण दिसला, तर दुकानदार कितीही गोड बोलो, नागपुरात तो टायर घेऊ नका.

एक ग्राहक,
नागपूर