रिमोट स्टार्टवाला गृहस्थ

गाडीत रिमोट स्टार्ट स्वतःच्या हाताने बसवणारा मराठी गृहस्थ कॅनडात सर्वत्र आढळतो. वस्ती मिसिसागापासून एडमंटनपर्यंत पसरलेली असली, तरी थंडी जितकी कडक तितकी त्याची वाढ जोमदार. म्हणून अभ्यासाला विनिपेगचा नमुना उत्तम. शिक्षण बहुधा इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे, पोट मात्र सॉफ्टवेअरवर चालते. हाताने वायर सोलून पंधरा-वीस वर्षे लोटलेली असतात, आणि पुढचा सगळा प्रकार या एका दुखण्यातून उद्भवतो.

रिमोट स्टार्ट म्हणजे घरात उभे राहून बटण दाबायचे आणि बाहेरच्या गाडीचे इंजिन सुरू करायचे, अशी सोय. विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे ३० अंशांच्या खाली गेला तर कोणी पेपरात पत्र लिहीत नाही. अशा सकाळी स्टिअरिंगला हात लावायला धैर्य लागते, सीट बसल्यावरही दबत नाही आणि काचेवरचा बर्फ खरवडायला पाच-दहा मिनिटे जातात. गाडी आधीच सुरू करून ठेवली की हीटर आतली हवा तापवतो आणि काच आपोआप मोकळी होऊ लागते. मोकळी काच आणि ऊबदार सीट, एवढाच या यंत्राचा खरा लाभ.

इंजिनाची सोय त्या भागात फार पूर्वीच झालेली आहे. सीमेपलीकडच्या नॉर्थ डकोटात अँड्र्यू फ्रीमन या इंजिनियराने इंजिन तापवणारा विजेचा हीटर बनवला आणि १९४९ साली त्याचे पेटंट मिळवले. आज विनिपेगमध्ये गाड्यांच्या जाळीतून प्लग लोंबताना दिसतात आणि पार्किंगमध्ये ते जोडायला खांबावर सॉकेट असते. शिवाय इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनाला लांबलचक वॉर्म-अपची गरज नसते. काच साफ करून हळू हळू निघाले की ते चालता चालता तापते. गृहस्थाला हे ठाऊक असते. दुसरा कोणी गाडी उगाच चालू ठेवून उभा असला, तर तो त्याला समजावूनही सांगतो.

लागण ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. संध्याकाळी सहकारी खिडकीतूनच बटण दाबतो, खाली एका गाडीचे दिवे लुकलुकतात आणि मागच्या नळीतून वाफ निघू लागते. गृहस्थ दुकानात चौकशी करतो. यंत्राची किंमत त्याला पटते, मजुरीची पटत नाही. डॉलरचे रुपये करण्याची सवय त्याने कधीच सोडलेली असते. मजुरीपुरती ती परत येते. ‘चार वायरी जोडायचे एवढे?’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघाले, त्याचे निदान झाले असे समजावे.

वायरी चार नसतात. बॅटरीचा कायम बारा व्होल्टचा पुरवठा, इग्निशन, ॲक्सेसरी आणि स्टार्टर या चार झाल्या मुख्य. त्यांच्यामागून ब्रेकची, पार्किंग दिव्यांची, दरवाज्यांच्या कुलपांची, इंजिनाचे फेरे मोजणारी आणि बॉनेटखालच्या स्विचची अशा येतच राहतात. प्रत्येक कंपनी, मॉडेल आणि साल यांप्रमाणे वायरींचे रंग बदलतात. गृहस्थ या रंगांचा एक्सेल तक्ता करतो. वायरीचे काम, रंग, कनेक्टरची जागा, पिन क्रमांक आणि शेरा, असे पाच रकाने. तक्त्यात ‘गुलाबी’ असते आणि गाडीत गुलाबी वायरी दोन निघतात. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच ठेवलेला असतो.

दुसरी अडचण कायद्याने उभी केलेली आहे. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीच्या मुठीत चिप असते. तिची ओळख पटल्याशिवाय गाडी चालू होत नाही. रिमोट स्टार्टमध्ये किल्ली तर मालकाच्या खिशात, घरात. मग गाडीची समजूत घालायला बायपास मॉड्यूल नावाची डबी लागते. जुन्या पद्धतीत एक जादा चिप किल्ली या डबीत ठेवून डॅशबोर्डच्या पोटात दडवत. चोराला अडवणाऱ्या यंत्रणेची किल्ली गाडीतच कायमची सोडायची, हे गृहस्थाला तत्त्वतः मंजूर नसते. तो नवी, लॅपटॉपवरून प्रोग्रॅम होणारी डबी मागवतो. तिच्यावर एक दिवा असतो. तो निळा लागला तर काम झाले आणि लाल लुकलुकला तर रात्रीचे जेवण गार.

साहित्य सप्टेंबरात मागवायचे ठरलेले असते, कारण हे काम थंडीपूर्वी करावे हे कोणालाही कळते. परंतु अभ्यास पुरा व्हायला नोव्हेंबर उजाडतो, योग्य हार्नेस डिसेंबरात येतो आणि मोकळा शनिवार सापडतो तो जानेवारीत. गराजमध्ये गेल्या तीन घरांचे सामान असल्याने गाडी बाहेर ड्राइव्हवेवर. थंडीत बाहेर जावे लागू नये म्हणून घेतलेले यंत्र बसवण्यासाठी गृहस्थ मोसमातल्या सर्वांत गार दिवशी सहा तास बाहेर असतो.

बसवण्याचे आसन ठरलेले आहे. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे, पाठ उंबऱ्यावर, पाय गाडीबाहेर बर्फात, डोके ब्रेकच्या पेडलखाली. डोक्याला माकडटोपी, हातात बोटे कापलेले मोजे. प्रथम स्टिअरिंगखालचे पॅनेल काढायचे. गारठ्यात प्लॅस्टिक कडक होते आणि त्याचा एक तरी खटका तुटतो. त्या आवाजाला घरातून ‘काय झालं?’ आणि गाडीतून ‘काही नाही’ अशी प्रश्नोत्तरे होतात. आत पिवळे आवरण असलेल्या वायरी दिसतात. त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. बल्बवाला टेस्टर कुठेही टोचायचा नाही, तपासणी मल्टीमीटरनेच करायची. हे दोन नियम गृहस्थ कसोशीने पाळतो आणि इतरांनाही पाळायला लावतो, जरी वायरींना हात लावणारा तो एकटाच असतो.

मदतनीस दोन. मुलाने टॉर्च धरायचा असतो. मराठी बापाच्या हाताखाली टॉर्च नीट धरलेला मुलगा अद्याप जन्माला आलेला नाही, आणि मुक्काम विनिपेगला हलवल्याने यात फरक पडत नाही. पत्नीने सीटवर बसून ब्रेक दाबायचा असतो, म्हणजे कोणत्या वायरीत करंट येतो ते कळते. ‘दाब. सोड. दाब. अगं, दाब म्हटलं की दाब!’ हे संभाषण शेजारच्या युक्रेनी आजोबांनाही पाठ होते.

जोडणीच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक वायर सोलून, पीळ देऊन सोल्डर करणारा. दुसरा चिमट्याच्या क्लिपा वापरणारा. सोल्डरपंथी क्लिपवाल्याला हलका समजतो, कारण क्लिप कालांतराने सैल होऊ शकते. परंतु उणे पंचवीसला सोल्डरिंग आयर्नचे टोक तापण्याऐवजी निवतच राहते, आणि अंधार पडायच्या सुमारास बऱ्याच जणांचे धर्मांतर होते. बॉनेटखाली स्विच बसवणे मात्र कोणीही टाळू नये. बॉनेट उघडे असताना गाडी रिमोटने सुरू होता कामा नये, नाहीतर आत हात घातलेल्या माणसाची बोटे पट्ट्यात सापडतील.

हाताने गिअर बदलायची गाडी हट्टाने बाळगणारा गृहस्थ ही पोटजात. अशी गाडी गिअरमध्ये राहून रिमोटने सुरू झाली तर उडी मारून पुढे जाते. म्हणून तिचा विधी कडक असतो. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू ठेवून किल्ली बाहेर, सगळ्यांनी उतरायचे, दार लावायचे, मग यंत्र स्वतः इंजिन बंद करते. यानंतर कोणी डबा विसरला म्हणून दार उघडले की सोवळे मोडते आणि सगळे पहिल्यापासून. या घरातली माणसे गाडीत काही विसरत नाहीत. विसरलेच तर सांगत नाहीत.

पहिल्या चाचणीला कुटुंब खिडकीत जमते. बटण दाबल्यावर इंजिनाऐवजी पार्किंगचे दिवे लुकलुकतात. ही यंत्राची तक्रार सांगण्याची रीत. किती वेळा लुकलुकले त्यावरून दोष ओळखायचा. पत्नी सहा मोजते, मुलगा सात. पुस्तिकेत सहाला एक दोष आणि सातला दुसरा. शेवटी बॉनेट नीट बसले नव्हते असे निघते. ते लावून पुन्हा बटण, आणि इंजिन सुरू. गृहस्थ पळत जाऊन गाडीत बसतो, आनंदाच्या भरात ब्रेक दाबतो आणि इंजिन बंद पडते. किल्ली लावून ‘ऑन’ला फिरवायची, मग ब्रेकला पाय, हा क्रम त्यानेच घरच्यांना दोनदा समजावलेला असतो. बाकीच्यांकडून ही चूक होत नाही.

यानंतर वापर सुरू होतो. दुतर्फा रिमोट ‘गाडी सुरू झाली’ असे बीप करून कळवतो. गृहस्थ तरीही खिडकीचा पडदा सारून पाहतो. वाफ दिसली नाही तर जॅकेट चढवून बाहेर जातो. मोजून पाहता त्याच्या बाहेरच्या फेऱ्या यंत्र बसवल्यावर वाढलेल्या असतात. उन्हाळ्यात एसीच्या निमित्ताने बटण दाबले जाते. टोरांटोत तासाभरात एका मिनिटापेक्षा जास्त वेळ गाडी उभ्या उभ्या चालू ठेवायला मनाई आहे, तिथला गृहस्थ यावर बोलणे टाळतो. एका बाबतीत मात्र तो पूर्ण गंभीर असतो. बंद गराजमध्ये गाडी कधीही सुरू करायची नाही, दार उघडे असले तरी आधी बाहेर काढायची. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो घरात शिरून जीव घेतो. खिशात चुकून दाबले जाणारे बटणही यात येते, म्हणून गराजमध्ये गाडी ठेवणारा शहाणा गृहस्थ यंत्र बंद करण्याचा स्विच वापरतो.

सामाजिक कार्य संक्रांतीच्या सुमारास बहरते. मंडळाचा तिळगूळ समारंभ शाळेच्या हॉलमध्ये असतो. आभारप्रदर्शन लांबू लागले की गृहस्थ खिडकीजवळ सरकतो, हात उंच करून बटण दाबतो आणि चारचौघांत ‘झाली’ असे म्हणतो. विचारपूस होते. ‘तुमच्या गाडीत तर अगदी सोपं आहे,’ हे त्याचे ठरलेले उत्तर, गाडी कोणतीही असो. पुढच्या शनिवारी तो त्या गाडीच्या पेडलखाली सापडतो. मोबदला पोहे आणि चहा. मजुरी तो घेत नाही, कारण चार वायरी जोडायचे कसले पैसे.

या जातीला धोका कारखान्याकडून आहे. जनरल मोटर्सने २००४ च्या शेव्हरोले मालिबूमध्ये कंपनीचा रिमोट स्टार्ट दिला आणि नंतर ही सोय पसरत गेली. आता फोनवरूनही गाडी सुरू होते. विजेच्या गाडीत इंजिनच नसल्याने केवळ केबिन तापवायची आज्ञा पुरते. नव्या गाडीत गृहस्थ हे सारे पाहतो, बटण दाबतो, गाडी पहिल्याच खेपेला ऐकते. ‘चांगलं आहे,’ असे म्हणून तो पंधरा दिवस गप्प असतो. मग घरी एक छोटे खोके येते. त्यात डॅशकॅम असतो आणि तो पार्किंगमध्येही चालू राहावा म्हणून तीन वायरींची जोडणी. तिन्ही स्टिअरिंगखालच्या पॅनेलमागे जोडायच्या असतात, आणि तक्त्याचे रकाने तयारच असतात.