नवख्या शालेय ग्रंथपालाने संगणकाशी कसे वागावे (सटाणा आवृत्ती)

शाळेचा पट हजाराच्या पुढे असला की पूर्णवेळ ग्रंथपालाचे पद असते, आणि तुम्ही त्यावर रुजू झाला आहात. अभिनंदन. एमएससीआयटीचे प्रमाणपत्र फाईलमध्ये मागच्या बाजूला लावा. ते वर दिसले की तुम्हाला संगणक येतो असे ऑफिसातल्या भाऊसाहेबांना कळते, आणि सरल, यू-डायस प्लस, अपार या मुलांच्या सरकारी नोंदी आहेत, ग्रंथसूचीतली शीर्षके नाहीत हे मग तुम्हाला कळते. मुलांची आधारवरची नावे दुरुस्त करता करता दिवाळीची सुट्टी लागते. ग्रंथालय कुठे जात नाही, असे मुख्याध्यापक म्हणतील. ते खरेच आहे.

आता मुख्य काम. दाखल नोंदवही कधीही माळ्यावर टाकू नका. संगणक येईल, त्यात ई-ग्रंथालय बसेल, कोणीतरी कोहा सुचवेल, आणि ज्या एकाला पासवर्ड ठाऊक होता त्याची बदली होईल. तपासणीला आलेले साहेब पडद्याकडे बघून ‘वा, छान’ म्हणतात आणि लगेच रजिस्टर मागतात. म्हणून प्रत्येक पुस्तक आधी नोंदवहीत चढवा, मग संगणकात. लाईट नसेल तर पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवा आणि लाईट आल्यावर दोन्हीकडे चढवा. या पद्धतीला पेपरलेस कामकाज म्हणतात.

कोहा ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय-संस्थेसाठी तयार झाली आणि 2000 सालापासून वापरात आली. ती फुकट आहे, चांगलीही आहे. फक्त बनवणाऱ्यांपुढे तेव्हा ‘श्यामची आई’ टंकायचा प्रश्न नव्हता. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात लिहिले, तेव्हा त्याच्या निदान तीनचार प्रती तुमच्या कपाटात असणारच. संगणकात मात्र एक ‘श्यामची आई’, एक ‘शामची आई’, एक ‘श्यामचि आई’, आणि चौथी तुमच्या आधीच्या माणसाने जुन्या फाँटमध्ये चढवलेली असते. युनिकोडवर आल्यावर त्या चौथीची नुसती चिन्हांची रांगोळी झालेली दिसेल. पाचवीतली मुलगी ‘शामची’ टाकून शोधते, तिला एकच प्रत दिसते आणि ती नेमकी बाहेर गेलेली असते. वर कपाटात बाकीच्या तिघी धूळ खात बसलेल्या.

इथे जरा मन लावून काम करा, कारण या मार्गदर्शिकेत उपयोगाचे असे एवढेच आहे. नाव मुखपृष्ठावरून घेऊ नका, आतल्या शीर्षकपृष्ठावरून जसेच्या तसे घ्या. युनिकोडमध्येच टंका. आणि मुले जशी चुकतील ती रूपे विषयशब्दांच्या रकान्यात मुद्दाम भरून ठेवा. शुद्धलेखनाचे सर ती बघून दुखावतील. त्यांना चहा पाजा.

बारकोडच्या बंदुकीचा मोह टाळा. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, त्यामुळे ती बंदूक बहुतेक वेळा वह्यांच्या वेष्टनावरच चालते.

पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडविषयी पालक विचारतील. दीक्षा मंच 2017 साली आला, कोड पुस्तकात छापले गेले. शाळेत मुलांना मोबाईलला बंदी, आणि घरचा एकुलता मोबाईल बाबांच्या खिशात, बाबा कांद्याच्या लिलावात. तेव्हा बालभारतीची ई-पुस्तके आणि मराठी विश्वकोशातल्या लागणाऱ्या नोंदी तुमच्या संगणकावर उतरवून ठेवा. दोन्ही फुकट आहेत, आणि नेट गेले तरी उतरवलेले पान जात नाही.

‘मृत्युंजयची पीडीएफ आहे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षक जास्त विचारतात. उत्तर पाठ करा. लेखकाच्या निधनानंतर पुढच्या जानेवारीपासून 60 वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, ते 2011 पासून मोकळे. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत 2002 मध्ये गेले, तेव्हा सरांना 1 जानेवारी 2063 रोजी यायला सांगा. तोवर कपाटातले जाडजूड पुस्तक द्या, नोंदवहीत सही घेऊन.

कपाटाला कुलूप लावावे का, यावर गावात दाखला आहे. सटाण्याचे मामलेदार यशवंतराव महाराज यांनी 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना मोकळा केला. वरिष्ठ तपासायला आले तर खजिना पुरता भरलेला निघाला, असे सांगतात. लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. कपाट उघडण्यापुरता कित्ता जरूर गिरवा. तपासणीच्या दिवशी रणजित देसाई आपणहून कपाटात परत येतील, या भरवशावर राहू नका. गहाळ प्रतींची यादी तयार ठेवा.

शेवटचा धडा हल्ली नव्याने जोडला आहे. नववीतला एखादा मुलगा एस.टी.तून उतरून थेट तुमच्याकडे येतो. घरी डाळिंबावर तेल्या पडला आहे, वडिलांसाठी पुस्तक हवे. चिठ्ठीवर नाव, लेखक, प्रकाशन, सगळे नीट लिहून आणलेले. नाव झकास, लेखक ओळखीचा, प्रकाशन पुण्याचे. तुम्ही संगणकात शोधता, नोंदवहीत शोधता, शेवटी प्रकाशकाला फोन लावता, आणि असे पुस्तक जगात निघालेलेच नसते. चॅटबॉटने सांगितले होते, म्हणतो. मुलाला रागावू नका, त्याने निदान पुस्तक मागितले. त्याला शेतीचे कपाट दाखवा, जे आहे ते द्या, आणि कृषी खात्याच्या कचेरीचा रस्ता सांगा. चिठ्ठी मात्र मागणीच्या फाईलला लावू नका. वर्षअखेर खरेदीच्या यादीत ते पुस्तक मंजूर होऊन येते, विक्रेता ‘उपलब्ध नाही’ लिहून देतो, आणि मग न आलेल्या पुस्तकाचे निर्लेखन कोणत्या रकान्यात करायचे, हे भाऊसाहेब तुम्हालाच विचारतात.